शेवंतीचे कान

१२ जानेवारी, रविवार

घोडी घेतली. एकदाची घेतली.

आनंद म्हणाला, "निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात." मी म्हटलं, भजनी मंडळात मला मध्ये मध्ये बोलू देत नाहीत. यावर तो पेपर वाचायला लागला. बेळगावच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केली, पण घरात बायकोपुढे त्याची एकही केस उभी राहत नाही.

निपाणीत राजाबाईंच्या अंगणात घोडी बांधलेली होती. पांढरी, नऊ वर्षांची, नाव शेवंती. राजाबाईंचे मालक वरातीला घोडी न्यायचे. ते गेल्या जानेवारीत वारले. "त्यास्नी जाऊन वरीस झालं, आक्का," राजाबाई म्हणाल्या, "तवापासनं ही गप झालीया. आधी लई बोलकी हुती. मी दारातनं हाक मारली की खिंकाळून अंगण डोक्यावर घ्यायची. आता मी वरडून मरती, ही बघत बी न्हाय." पुढे म्हणाल्या, "बँड म्हणा, फटाके म्हणा, हिला भ्या कसलं न्हाय. कानाला तेवढा हात लावू नका. डोस्कं झटकती."

टेम्पो सुटताना त्यांनी दोनदा हाक मारली. शेवंतीने मान वळवली नाही. राजाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाईट वाटलं, पण मुकी जनावरं दुःखात अशीच होतात.

हा खटाटोप कशासाठी, ते लिहून ठेवते. गेल्या वर्षी शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या मंडळाने भाड्याचा घोडा आणला होता. त्याला काट्याचा लगाम होता आणि तोंडाच्या फेसात रक्त दिसत होतं. मी बैठकीत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या वर्षी घोडा माझा. चाबूक नाही, काटे नाहीत, नुसत्या विश्वासावर चालणारा. त्यावर आमची लेक भैरवी ताराराणी होऊन बसेल. बेळगावची शिवजयंती तिथीने, वैशाखात असते; यंदा मिरवणूक १ मेला आहे. आनंद म्हणतो, घोडामैदान जवळच आहे.

भैरवीला विचारलं. ती काही बोलली नाही. म्हणजे हो.

१५ जानेवारी

बेळगावजवळ मच्छे गावात आमच्या प्लॉटवर पत्र्याची शेड आहे, तिथे शेवंतीची सोय केली. डॉक्टर येऊन दात, खूर, छाती बघून गेले. कानाला हात लावू देईना, तेव्हा तेही राहू दे म्हणाले.

इंटरनेटवरच्या वर्गात मी जे शिकले ते आजपासून सुरू. आधी खोगीर नाही, स्वारी नाही. जमिनीवर उभं राहून ओळख करून घ्यायची. दोर हलका ताणायचा, घोडीने एक पाऊल दिलं की त्याच क्षणी सोडायचा. तिला घाई नाही, आपल्यालाही नाही. पहिला धडा असा की घोड्याचे कान बघत राहा, त्याच्या मनातलं आधी तिथे दिसतं. शेवंतीचे कान दोन्ही बाजूंना सैल पडलेले असतात. किती शांत जीव.

मी तिला सगळं समजावून सांगते. आज का, कशासाठी, उद्या काय. ती मान एका बाजूला कलती करून, माझ्या तोंडाकडे बघत, अर्धा तास हलत नाही. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, 'कानात बोळे घातलेत का रे' म्हणून ओरडत आले. असा विद्यार्थी पहिल्यांदा मिळाला.

कॅम्पातले मारुतीराव बघायला आले होते. सैन्यात चोवीस वर्षं घोड्यांच्या दवाखान्यात होते. बघून म्हणाले, "बाई, जरा कमी बोला. घोड्याला शब्द लागत न्हाईत." चाबकाच्या जमान्यातला माणूस. चहा दिला आणि वाटेला लावलं.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवंती सैल दोराने माझ्यामागे चालते. मी थांबले की थांबते. मी 'मागे' म्हणते आणि दोन पावलं मागे जाते. कॉलेज नसेल त्या दिवशी भैरवी येते आणि खरारा करते. तिची एक तऱ्हा आहे, घोडीच्या मागून कधीच येत नाही. लांबून वळसा घालून समोर येते, तिला दिसते, मग जवळ जाते. मी हसले. म्हटलं, अगं, हाक मारून जा की, ती ओळखते आपल्याला.

भैरवी म्हणाली, "आई, हिचे कान फिरत नाहीत बघ. त्या मागच्या…"

मी तेव्हा नेमकी विश्वासाचं तत्त्व सांगत होते. म्हटलं, आधी माझं पूर्ण ऐक. नंतर तिने विषय काढला नाही. ती एकदाच सांगते, परत सांगत नाही. लहानपणापासूनची खोड.

२१ फेब्रुवारी

आज परीक्षाच झाली. शेजारच्या प्लॉटवर लग्न होतं. दहा हजार फटाक्यांची माळ लावली. कुत्री पळाली, मी कानावर हात घेतले. शेवंती कडबा खात उभी. कान तसेच सैल.

विश्वास म्हणजे काय, ते मी आज बघितलं. घरी येऊन आनंदला सगळं दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "एवढं शांत तर मला तुझ्यासमोरही राहता येत नाही." त्याला चेष्टेशिवाय सुचत नाही.

१४ मार्च

भैरवी आता पाठीवर बसते. आज संध्याकाळी लंगडत घरी आली, कोपर सोललेलं. मच्छ्याच्या वळणावर पडले म्हणाली. गाडी घसरली असणार. गाडी हळू चालवायचं मी किती वेळा सांगितलंय. पाऊण तास बोलले असेन. तिने मुकाट ऐकून घेतलं. गाडीला ओरखडाही नाही, हे मात्र नशीब.

शेवंतीच्या तोंडाशी कसला तरी कुबट वास येतो. तोंडाला बांधायची म्होरकी जुनी आहे, तिचाच असणार. साबणाने धुऊन उन्हात टाकली.

३ एप्रिल

वास जात नाही. नवी म्होरकी आणली. भैरवी म्हणाली, "वास म्होरकीचा नाही, आई." मी फोनवर मंडळाच्या लोकांशी बोलत होते. ताराराणीची पैठणी कुणी द्यायची यावर वाद चाललाय.

१६ एप्रिल, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

मिरवणुकीत घोडीचा दोर धरायला जाणता माणूस हवा म्हणून मारुतीरावांना बोलावलं होतं. मी त्यांना सगळं करून दाखवलं. चाल, थांब, मागे. मनात म्हटलं, बघा, न मारता काय होतं ते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून बघितलं. मग म्हणाले, "बाई, तोंड मिटून करा."

मी तोंड मिटून केलं. शेवंती तशीच चालली, थांबली, मागे गेली. एका पावलाचाही फरक नाही.

"आता नुसतं बोला. अंग हलवू नका."

मी म्हटलं, "शेवंती, मागे." ती उभी. मी मोठ्याने म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी, मान कलती करून.

मारुतीराव शेडच्या मागे गेले आणि रिकामा तेलाचा डबा काठीने बडवला. मी दचकून मागे सरले. शेवंतीच्या कातडीवर थरकापसुद्धा उठला नाही. ते तिच्याजवळ आले, मानेवरून हात फिरवत फिरवत वर नेला, कानाच्या बुडाशी थांबले, आणि वास घेतला.

"हिला ऐकू येत न्हाय बाई. ही तुमचे खांदे वाचत हुती."

मला आधी त्यांचाच राग आला. मग भैरवीकडे बघितलं. तिला धक्का बसलेला नव्हता. ती खाली बघत होती.

१७ एप्रिल

डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. शेवंतीचं डोकं जड होऊन माझ्या खांद्यावर आलं. त्यांनी चिमटा आत घातला आणि डाव्या कानातून काळं, घट्ट, अंगठ्याएवढं काही ओढून काढलं. मग त्यामागून आणखी एक. उजव्यातूनही एक. मागोमाग पू आला. तो कुबट वास सगळ्या शेडमध्ये भरला. डॉक्टरांनी एक गोळा पाण्यात उलगडला.

कापूस होता.

कुणीतरी हाताने वळून घातलेला कापूस. मी तीन महिने तिच्या कानापासून वीतभर अंतरावर उभी राहून भाषणं केली. बोळे खरंच घातलेले होते. 

डॉक्टर म्हणाले, पडदे शाबूत आहेत असं वाटतं, औषध टाकत राहा, हळूहळू कळेल. तासाभराने गुंगी उतरली, आणि शेजारच्या शेतात कुणीतरी मोटर चालू केली. शेवंती उभ्या जागी उडाली. दोराला हिसका देऊन भिंतीवर आदळली. बादलीची कडी वाजली, तरी थरथरली. पत्र्यावर कावळा उतरला, तरी थरथरली. सगळं अंग घामाने निथळत होतं. माझ्याने बघवेना. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "शेवंती, बाळ, घाबरू नकोस, मी आहे ना."

ती माझ्यापासून पळाली. कोपऱ्यात जाऊन, डोळे पांढरे करून, माझ्याकडे बघत राहिली. तीन महिन्यांत माझा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला आणि ती पळाली.

भैरवी वळसा घालून समोर गेली आणि जमिनीवर बसली. नुसती बसली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवंती एकेक पाऊल करत आली आणि तिच्या केसांत तोंड घातलं.

१८ एप्रिल

राजाबाईंना फोन केला. चांगली झाडणार होते. कानातून कापूस निघाला, हे सांगितलं. 

मग म्हणाल्या, "मालक घालायचे. वरातीला निघताना. तिळाच्या तेलात भिजवून, हातावर वळून. बँडचा तरास हू नये तिला म्हणून. दुसऱ्या कुणाच्या हातानं घालू देत न्हवती, काढू बी देत न्हवती. घरला आलं की आधी तिचं पाय धुवायचे, मग कापूस काढायचा, मग सोताचा चहा." पुढे म्हणाल्या, "त्या दिशी चिकोडीची वरात करून आले. उंबऱ्यावर बसले. पाणी दे म्हणले. मी पाणी आणस्तवर…"

 कापूस काढायचा राहून गेला. माणूस गेलं त्या घरात घोडीच्या कानाची आठवण कुणाला राहणार? वर्षभर लोक म्हणत राहिले, मुकं जनावर दुःखात आहे. मीही तेच म्हटलं होतं.

झाडायचं सोडून, घोडीला औषध चालू आहे एवढंच सांगितलं.

नंतर ही वही पहिल्यापासून वाचली. दुसऱ्यांच्या निबंधांत चुका काढायची सवय आहे, म्हणून लाल पेन घेऊनच बसले. २ फेब्रुवारी: 'आई, हिचे कान फिरत नाहीत बघ.' ३ एप्रिल: 'वास म्होरकीचा नाही, आई.' माझ्याच अक्षरात. लिहून घेतलं आणि ऐकलं नाही. १४ मार्चपाशी थांबले. कोपर सोललेलं, आणि गाडीला ओरखडा नाही.

भैरवीला विचारलं, त्या दिवशी गाडी घसरली होती का? ती म्हणाली, "मागून ट्रॅक्टर आला. तिला कळलाच नाही. एकदम दिसला तशी उधळली. मी खाली पडले. चाक माझ्या हातापासून एवढं लांबून गेलं." तिने वीत दाखवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तू गाडीवर सुरू झालीस."

२६ एप्रिल, शनिवार

जे केलं ते लिहायची लाज वाटते. पण ही वही खोटी करायची नाही.

पाच दिवस उरले. पत्रिका छापून झाल्या. 'काट्याशिवाय, चाबकाशिवाय' असं त्यावर माझ्याच आग्रहाने छापलं. गल्लीत सगळे विचारतात, काय बाई, घोडी तयार का? इकडे घोडीला स्कूटरचा हॉर्न सहन होत नाही. डीजेच्या भिंतीसमोर तिला उभी करणं म्हणजे तिला आणि भैरवीला दोघींना मारणं. हे मला कळत होतं. तरी सकाळपासून डोक्यात एकच होतं, दोन तासांचाच तर प्रश्न आहे. मालक घालायचेच की. प्रेमानेच घालायचे. मिरवणूक संपली की मी लगेच काढीन.

दुपारी भैरवी पाणी आणायला गेली तेव्हा मी पर्समधून कापूस काढला. घरून तिळाच्या तेलाची वाटी नेली होती. कापूस भिजवला, तळहातावर वळला.

शेवंतीने वास घेतला. दोन्ही कान माझ्याकडे वळले. मी आठ दिवस त्याचीच वाट बघत होते. मग तिने मान खाली घातली. खाली, आणखी खाली, माझ्या छातीपाशी कपाळ टेकवलं, आणि डावा कान पुढे केला. ज्या कानाला औषधाचा थेंबही लावू देत नव्हती तो कान. डोळे मिटून, हलकेच थरथरत, ती वाट बघत उभी राहिली.

तिला त्यांची आठवण आली होती. वासावरून तिला वाटलं असेल, वरातीला निघायचं आहे, मालक आलेत. दुखऱ्या कानासकट ती तयार झाली. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

मागे भैरवी बादली घेऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती म्हणाली, "नाही, आई. तिच्या कानात नाही. आणि मी बसणार नाही. मला पहिल्यापासून बसायचंच नव्हतं."

ओरडली नाही. मी म्हटलं, "बरं." एकतीस वर्षांत इतकं लहान उत्तर मी कुणाला दिलं नसेल. कापूस मुठीतच राहिला. घरी येईपर्यंत तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं.

२७ एप्रिल

बैठकीत उभी राहिले. घोडी येणार नाही, मुलगीही येणार नाही, दोघींना न विचारता मी शब्द दिला होता, चूक माझी, एवढंच सांगून बसले. दोन-चार जण हसले. कुणीतरी म्हणालं, बाईंचं भाषण इतक्यात संपलं? ताराराणी आता ट्रॉलीवर लाकडी घोड्यावर बसणार आहे. शेजारची सौम्या कालपासून पैठणी नेसून बघतेय.

आनंदने चेष्टा केली नाही. घरी आल्यावर चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला. मला वाटतं, त्यानेही काहीतरी सांगितलं असेल कधीतरी, जे मी ऐकलं नाही.

१ मे, गुरुवार

शहरात मिरवणुकीची तयारी, आणि आम्ही दोघी सकाळपासून मच्छ्याला. मी राजाबाईंना यायला सांगितलं होतं. निपाणीहून एसटीने, पिशवीत गूळ घेऊन आल्या. फाटकापाशीच थांबल्या. पुढे येईनात.

म्हणाल्या, "आक्का, खरं सांगू? मी ही विकली ती पोट भरंना म्हणून न्हाय. वरीसभर रोज हाक मारली. ही बघायची न्हाय. मला वाटायचं, पाणी आणायला मला उशीर झाला, मालक गेले, त्येचा राग हिनं माझ्यावर धरलाय. एका घरात दोन मुकी तोंडं समोरासमोर. सोसंना मला, म्हणून दिली."

मी हादरले.  मी नुसतं शेडकडे बोट दाखवलं.

शेवंती पाठमोरी कडबा खात होती. राजाबाईंनी पदर सावरला.  मग दारातून पोराला बोलवावं तशी, हळूच, एकदाच हाक मारली. "शेवंते."

कडबा खायचा थांबला. दोन्ही कान मागे फिरले. मग मान, मग सगळं अंग. आणि ती अशी खिंकाळली की पत्रा दणाणला. थांबली, आणि परत खिंकाळली. दोर जेवढा होता तेवढा ताणून पुढे आली. राजाबाई होत्या तिथेच मातीत बसल्या. "रागावली न्हवती गं," एवढंच म्हणत होत्या, "रागावली न्हवती माझी बाय." भैरवीने दोर सोडला. शेवंती त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या डोक्यावरचा पदर ओढला.

जाताना राजाबाईंनी घोडी मागितली नाही. मागायचा हक्क नाही, म्हणाल्या.  भैरवीकडे बघितलं. म्हटलं, घोडी परत द्यायची का, तू सांग. ती म्हणाली, विचार करून सांगते. राजाबाईंना एसटीत बसवून आम्ही घरी आलो. वाटेत मी तिला विचारलं नाही. सोपं नव्हतं.

आत्ता साडेसात वाजलेत. गणपत गल्लीकडून ढोल ऐकू येतायत. शेवंतीबद्दल आणखी बरंच लिहायचं होतं, पण मधल्या खोलीतून भैरवीने हाक मारली आहे. एकदाच मारली आहे. जाते.